राजाला माहीत नसेल

एप्रिल लागला की नाशिकचं ऊन अंगावर पडत नाही, मारतं. शाळेतून घरी येईपर्यंत टाळू भाजून निघते, स्कूटरचं सीट चटका देतं, आणि घरी आलं की टेबलावर नववीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोऱ्यानं आवळून पडलेला असतो. द्राक्षांचा हंगाम उरकलेला असतो. बाजारात उरलेसुरले घड सुरकुतत पडतात, ओझरच्या रस्त्यानं कांद्याचे ट्रॅक्टर धडधडत जातात आणि तो वास पंख्याखालीही पाठ सोडत नाही. तीसेक वर्षं मी हा महिना असाच काढला. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे हा शेवटचा गठ्ठा. म्हटलं, जरा मायेनं तपासू.

पहिला पेपर उघडला आणि फोन वाजला. शाळेतल्या एका बाईंनी व्हिडिओ पाठवला होता. काठमांडूचा रस्ता, राजाचा फोटो डोक्यावर धरलेली माणसं, ‘राजा परत आणा’ म्हणून ओरडणारा जमाव. मग विटा उडायला लागल्या, काठ्या चालल्या, मागं कुठलंसं घर पेटलं. एक माणूस तोंडावर आपटला आणि उठलाच नाही. व्हिडिओ तिथंच संपत होता. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘बघा, लोकांना शेवटी राजाच लागतो.’

मी फोन पालथा घातला. समोर प्रश्न पाचवा होता. राजेशाही जाऊन प्रजासत्ताक येण्याची कारणे लिहा, गुण पाच. हा प्रश्न मी वीस वर्षं दरवर्षी घालते. मुलं एकमेकांना सांगतात, बाईंचा ठरलेला प्रश्न आहे, पाठ करून टाक. आणि पाठ करून लिहितात: जाचक कर, दुष्काळ, राजाचा विलास, नवे विचार, शिकलेल्यांचा असंतोष. पाच कारणं, पाच गुण. एकही कारण चुकीचं नसतं, आणि दरवर्षी मी चरफडत गुण देते. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर मी आमच्या कॉलनीच्या फाटकाशी पाहिलंय. ते पुस्तकात नाही.

आमची कॉलनी कारखान्यातल्या कामगारांची, कारकुनांची, मास्तरांची. फाटकाजवळ पत्र्याची केबिन होती आणि दिवसपाळीला टेकबहादूर असायचा. बुटका, रुंद, मिशा कोरलेल्या, वर्दी कडक. सगळी कॉलनी त्याला नुसतं ‘बहादूर’ म्हणायची, जसं काही नेपाळातून येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव एकच असतं. मी पूर्ण नाव घ्यायची म्हणून त्याची माझ्यावर मर्जी. केबिनमध्ये खुर्चीच्या बरोबर वर त्याच्या राजाराणीचा फोटो होता. रोज सकाळी झेंडूचं एक फूल आणि काचेवर लाल टिळा.

त्या फोटोवरून आमची नेहमी जुंपायची. मी म्हणायची, ‘अहो टेकबहादूर, आमच्या देशात राहता, इथं राजे कधीच बाद झाले.’ तो शांतपणे म्हणायचा, ‘तुमच्या घरी पण फोटो हाय ना म्याडम? निळ्या कोटवाला. मी काय बोलतो?’ मी म्हणायची, ‘आमच्या फोटोतल्या माणसानं आम्हाला माणूस केलं.’ त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. ‘आणि दुसरा फोटो? बुद्ध? तो आमच्या देशातला. राजाचाच पोरगा.’ इथं डाव त्याचा व्हायचा, आणि त्याला ते फार आवडायचं.

तरुणपणी एका दसऱ्याला टेकबहादूर आपल्या डोंगरातल्या गावातून चालत आणि बसनं काठमांडूला गेला होता. दसऱ्याला तिथं राजा प्रजेला टिळा लावायचा. टेकबहादूर पहाटेपासून रांगेत उभा राहिला, दुपारी आत गेला, आणि राजानं स्वतःच्या हातानं त्याच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा चिकटवला. ‘असा,’ म्हणून तो आपलाच अंगठा कपाळाला लावून दाखवायचा. ‘आठ दिवस तोंड नाय धुतला म्याडम. बायको वरडली, तरी नाय धुतला.’ ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल. दर वेळी तो अंगठा तितकाच हळू टेकायचा.

मग एका जूनमध्ये बातमी आली की राजवाड्यात जेवणाच्या वेळी गोळ्या चालल्या. राजा, राणी, पोरं, सगळं घरच मारलं गेलं. आम्ही टीव्हीवर पाहिलं, चुकचुकलो आणि भाजी निवडायला बसलो. दुसऱ्या दिवशी फाटकावर टेकबहादूर नव्हता. दुपारी आला तो डोकं तासून, मिशा उतरवून. रामकुंडावर जाऊन आला होता. सख्खा बाप गेल्यावर करतात तसं त्यानं राजाचं केलं होतं. कॉलनीत कुणी विचारलं, ‘काय बहादूर, कोण गेलं?’ तो म्हणाला, ‘राजा.’ विचारणारा हसला. मीही गालातल्या गालात हसले, खोटं कशाला बोलू? त्याच्या टाळूवर वस्तऱ्याची एक चीर होती, त्यावर रक्त वाळलं होतं, आणि तो नेहमीपेक्षा ताठ उभा होता.

मेलेल्या राजाचा भाऊ गादीवर आला. महिन्याभरानं केबिनमधला फोटो बदलला. ‘इतक्यात?’ असं मी विचारलं तर म्हणाला, ‘बाप मेला तर काकाच बाप.’

त्यानंतरची पाच वर्षं त्याच्या गावातून नुसतं रक्तच येत राहिलं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तो आठवड्याला घरी बोलायचा आणि येताना माझ्या स्कूटरपाशी थांबायचा. एकदा म्हणाला, जंगलातली बंदूकवाली माणसं घरी जेवायला आली, पंधरा जण होते, नाही म्हणणार कसं? पुढच्या वेळी सांगितलं, ते गेल्यावर दोन दिवसांनी राजाचे शिपाई आले. जेवण दिलं म्हणून त्याच्या थोरल्या भावाला अंगणात पालथा पाडला, दोन्ही हातांचे पंजे उखळाच्या दगडावर ठेवायला लावले आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचले. ‘आता वहिनी त्याला हातानं भरवते,’ टेकबहादूर म्हणाला. गावच्या मास्तराला आधी जंगलवाल्यांनी झोडपलं, मग शिपायांनी जीवच घेतला. शाळेच्या खांबाला बांधून मारलं आणि पोरांना बघायला उभं केलं. मीही मास्तरीणच.

‘आणि तुमचा राजा काय करतोय?’ मी चिडून विचारलं.

‘राजाला माहीत नसेल म्याडम,’ तो म्हणाला. ‘खालची माणसं सांगत नाय त्याला. माहीत असता तर असा होऊ देला नसता.’

भावाचे हात ठेचले, राजाला माहीत नसेल. मास्तर मेला, राजाला माहीत नसेल. राजानं मंत्री घरी बसवले आणि सगळा कारभार आपल्या हातात घेतला. वर्तमानपत्रं तपासली जाऊ लागली, फोन आठवडाभर मुके झाले. टेकबहादूर बूथवर रोज नंबर फिरवायचा आणि रिकामा परत यायचा. तेव्हा म्हणाला, राजाला चांगला करायचा आहे, बाजूचे लोक वाईट सांगतात. मी बारकाईनं ऐकत होते. मला कळलं की ‘माहीत नसेल’ आता ‘वाईट सांगतात’ झालं आहे. एक पायरी खाली आला होता गडी, पण फोटोला फूल रोज होतं.

आणि मग तो एप्रिल आला.

टेकबहादूरला एकच मुलगा होता, प्रकाश. जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शिकत होता, वीस वर्षांचा. त्याच्यासाठीच टेकबहादूर वीस वर्षं इथं फाटक उघडत-लावत होता. त्या एप्रिलात तिकडचे लोक रस्त्यावर उतरले, सगळे, डॉक्टर, वकील, हमाल, बाया. राजा हटवा म्हणून. सरकारनं संचारबंदी लावली, दिसेल त्याला गोळी घालायचा हुकूम दिला, तरी लोक निघतच होते. शाळेत आमच्या वार्षिक परीक्षा सुरू झाल्या त्याच सकाळी प्रकाशचा बूथवर फोन आला. बूथवाल्यानं हाक मारली आणि टेकबहादूर धावत गेला. मी शाळेला निघाले होते, स्कूटर थांबवली. त्याचं बोलणं त्याच्या भाषेत होतं, पण ओरडणं कळायला भाषा लागत नाही.

परत आला तेव्हा मिशा थरथरत होत्या. ‘पोरगा मोर्च्यात जातो म्याडम. मी सांगितला, राजाच्या विरुद्ध तोंड उघडला तर परत माझा तोंड बघू नको.’

‘मग तो काय म्हणाला?’

‘म्हणाला, बा, तुम्हाला टिळा लावला, काकाचे हात तोडले. दोन्ही एकाच गादीनं केला. मग फोन कट केला.’

त्यानंतर फोन लागेना. रोज दुपारी मी शाळेतून यायची, तो फाटक उघडायचा, मी नुसतं बघायची आणि तो मान हलवायचा ‘नाही’ म्हणून. प्रकाश सुखरूप आहे की नाही, एवढंच त्या एप्रिलात आम्हा दोघांना जाणून घ्यायचं होतं. टीव्हीवर रस्त्यांवर जळणारे टायर दिसत, दगडांचा खच, बूट आणि चपला, इतक्या चपला की माणसं कुठं गेली असा प्रश्न पडावा. टेकबहादूर आमच्या दारात उभा राहून टीव्ही बघायचा. त्या धुरात पोरगा दिसतो का ते शोधायचा.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात, इतिहासाच्या पेपरला, सुनीता नावाची मुलगी बाकावर डोकं टेकून बसली होती. आई द्राक्षबागेत कामाला जायची, मुलगी हुशार. मी म्हटलं, सरळ बस. ती म्हणाली, ‘बाई, ताप हाय.’ मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मी म्हटलं, तरी सरळ बस, वर्गाला शिस्त असते. ती म्हणाली, ‘तुम्ही हात लावून पाह्यला ना बाई?’ सगळ्या वर्गासमोर. चाळीस पोरींनी माना वर केल्या. आणि मी तिच्या कानशिलात हाणली. नुसती चापट नव्हती ती. तिचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं, वरचा ओठ फाटला आणि रक्त उत्तरपत्रिकेवर पडलं. ती रडली नाही. ओठ आत ओढून लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मला वाटलं, आता बोलणार. मुख्याध्यापकांच्या समोर ती बाई पदर डोक्यावर ओढून म्हणाली, ‘बाईंला माहीत नसंल, पोरीला ताप होता त्ये. माहीत असतं तर मारलं नसतं बाईंनी.’

मी तिथं उभी होते. मला माहीत होतं. माझ्या तळव्याला तिचं कपाळ अजून लागत होतं. मी फक्त मान हलवली, म्हणजे हो, माहीत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, झालं तर मग. ती आई मला नमस्कार करून गेली. नंतर त्या रक्ताचा डाग पडलेल्या पेपरला मी प्रत्येक प्रश्नात भरभरून गुण दिले आणि मनाला म्हटलं, फिटलं.

ती आई येऊन गेली त्याच दुपारी घरी आले तर फाटक उघडंच होतं. टेकबहादूर केबिनमध्ये जमिनीवर बसला होता. बूथवर गावाकडच्या माणसाचा फोन आला होता. बाजारात मोर्चा निघाला, गोळी चालली, प्रकाशच्या छातीत लागली. तो पडला तरी त्याला उचलायला कुणाला जाऊ देत नव्हते. तास-दीड तास तो भर उन्हात तिथंच पडून होता, पाणी मागत. तीन दिवसांनी प्रेत घरी पोचलं आणि आता जळूनही गेलं होतं. जाऊन फायदा नव्हता, जायला रस्तेही बंद होते.

मी म्हटलं, ‘टेकबहादूर.’

‘रामकुंडावर सोडाल म्याडम?’ तो म्हणाला. ‘स्कूटरवर.’

रामकुंड माझ्या घरापासून किती लांब? स्कूटरनं अर्धा तास. पण आमच्या घरातलं कुणी कधी तिकडं गेलं नव्हतं. देवळात जाऊ द्या म्हणून आमचे लोक ज्या वर्षी त्या रस्त्यांवर उभे राहिले, त्या वर्षी माझ्या आजोबांच्या डोक्यात तिथंच दगड बसला होता. वडील म्हणायचे, ज्या पाण्यापर्यंत जायला दगड खावे लागले, ते पाणी आता आपल्याला नको. मी सदतीस वर्षांची होते आणि पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरत होते, तेही एका राजभक्ताला घेऊन. दगड इतके तापलेले की चपला काढवेनात. चार ठिकाणी पिंड मांडलेले, माणसांचे काळे-पांढरे केस पायऱ्यांवर वाऱ्यानं फिरत होते.

छत्रीखाली म्हातारा न्हावी बसला होता. टेकबहादूर समोर बसला, पिशवी मांडीवर. न्हाव्यानं पाण्याचा हात डोक्यावरून फिरवत विचारलं, ‘कोन गेलं?’

‘पोरगा.’

न्हाव्याचा हात थांबला. ‘आरं बाबा, पोरासाठी बाप डोकं नाय उतरवीत. धाकट्यासाठी थोरल्यानं करायची रीतच नाय.’

‘आमच्याकडे पण नाय,’ टेकबहादूर म्हणाला.

‘मंग?’

‘पाच साल आधी इथंच केला. राजासाठी.’

न्हावी त्याच्याकडे बघत राहिला. ‘हां, त्या टायमाला लय आले व्हते तुमच्याकडचे.’

‘तेव्हा तुम्ही विचारला का, राजा तुझा कोण लागतो?’

न्हाव्यानं वस्तरा दगडावर घासला आणि कामाला लागला. हात म्हातारा होता, दोनदा कातडी कापली गेली. रक्त कानामागून वर्दीच्या कॉलरवर उतरलं, पण टेकबहादूर पापणीही न हलवता पाण्याकडे बघत होता. शेवटी मिशा गेल्या. न्हाव्यानं केस गोळा केले आणि म्हणाला, ‘कागद हाय का कसला? हवेनं उडतील.’

टेकबहादूरनं पिशवीतून केबिनमधली फ्रेम काढली. मागचे खिळे नखानं वाकवले आणि राजाराणीचा फोटो बाहेर ओढला. त्यात आपले केस ठेवले, पुडी बांधली, दोन पायऱ्या उतरून पाण्यात सोडली. रिकामी फ्रेम परत पिशवीत ठेवली. हे सगळं त्यानं हळूहळू केलं, टिळ्याची गोष्ट सांगताना अंगठा टेकायचा तितकंच हळू.

पुडी जरा वेळ तरंगली, भिजली आणि बसली. मी विचारू नये ते विचारलं. ‘राजाला माहीत नसेल असं म्हणायचात ना?’

‘माहीत होता म्याडम,’ तो म्हणाला. ‘भावाचे हात तोडला तेव्हापासून मला माहीत होता की त्याला माहीत आहे. पण राजालाच वाईट बोलला तर मग माझ्या कपाळाला हात कोण लावला?’ मग म्हणाला, ‘पोराला हे सांगायला पाहिजे होता. त्याला मी दुसराच सांगितला.’

चारआठ दिवसांत तिकडं राजा नमला, लोकांची संसद परत बसवली. पुढं दोन वर्षांनी गादीच गेली. टेकबहादूर मात्र पोरगा गेला त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेपाळला निघून गेला. फ्रेम बरोबर नेली, तिच्यात प्रकाशचा कॉलेजातला फोटो घातला होता. बऱ्याच वर्षांनी एकदा त्याचा फोन आला. राजवाड्याचं म्युझियम झालं होतं, तो तिकीट काढून बघून आला होता. ‘दसऱ्याला जिथं लाइनीत होतो ना म्याडम, तिथंच तिकिटाची लाइन,’ तो म्हणाला. ‘आता कोणी टिळा नाय लावत. पाणी पण मिळत नाय.’ आणि हसला. नंतर तो नंबर कधी लागला नाही.

प्रजासत्ताक आलं म्हणून गोळ्या संपल्या असं मी मुलांना सांगत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिथली पोरं पुन्हा रस्त्यावर आली आणि पुन्हा मेली, इमारती जळताना साऱ्या जगानं पाहिल्या. आता हा राजाचा फोटो डोक्यावर घेतलेला जमाव. मला त्याचा राग आला, आणि मग त्यातला एक म्हातारा चेहरा टेकबहादूरसारखा वाटला तर रागही धड टिकेना. कुणाला तरी पुन्हा म्हणायचंय, तो असता तर असं झालं नसतं. राजा गेला तरी ते वाक्य राहतं.

काल निकालाआधीची पालकसभा होती. यंदाच्या नववीत सुनीताची मुलगी आहे, हे मला वर्षभर माहीत होतं आणि वर्षभर मी सुनीताला चुकवत होते. काल ती समोर येऊन बसली. आता तिची स्वतःची द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका आहे, बोलणं ठसठशीत. वरच्या ओठावर बारीकशी पांढरी रेघ. सगळे पालक गेले तेव्हा मी म्हटलं, ‘सुनीता, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तुझी आई म्हणाली होती, बाईंना माहीत नसेल.’

‘हो.’

‘मला माहीत होतं. तुझं कपाळ तापलेलं होतं.’

मला वाटलं, ती रडेल, किंवा चिडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट. मी तयारीत होते. ती माझ्याकडे जरा नवलानंच बघत होती.

‘आईला पण माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘मी घरी सांगितलं होतं ना, बाईंनी हात लावून पाह्यला म्हणून. पण मला दहावीला तुमच्याच वर्गात बसायचं होतं. आई दुसरं काय म्हणणार?’

पंखा फिरत होता, टेबलावरचे निकालपत्रकाचे कागद फडफडत होते.

‘आणि मला थोडी शंका होती,’ ती उठत म्हणाली, ‘म्हटलं खरंच बाईंच्या ध्यानात आलं नसंल. मग पेपर हातात आला. रक्ताचा डाग तसाच, आणि जे प्रश्न मी सोडवलेच नव्हते, त्यांना पण तुम्ही मार्क दिले होते. तेव्हा कळलं, तुम्हाला माहीत होतं.’